अमेरिकेत राज्याराज्याची वेगळी घटना, मग आपल्या महाराष्ट्राची कुठाय?

या वेळी पत्रं बघून आधी मीच हबकले. एरवी सात-बारा, वाटणीपत्र आणि बांधावरची भांडणं एवढ्यातच आपलं सदर संपतं, आणि या महिन्यात चार पत्रं अशी आली की चारही फिरून फिरून घटनेवरच येतात. जमिनीवाल्यांनी रागवू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात लावलाय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी विश्रामबाग, सांगलीचा रिटायर्ड शिक्षक. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात, नुकताच सहा महिने राहून आलो. जावई बोलता बोलता म्हणाले, पप्पा, इथं प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते, देशाची वेगळी. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि हे मला ठाऊक नव्हतं, जरा लाज वाटली. एका माणसाला दोन घटना कशा? दोघींत भांडण लागलं तर कुणाचं खरं? आणि आपल्या महाराष्ट्राला का नाही?

उत्तर : सर, लाज कसली, आमच्या बाररूममध्ये विचारलं तरी निम्मे वकील चहाच्या कपात बघतील. जावयांचं बरोबर आहे, तिथं पन्नास राज्यं आहेत आणि पन्नासही राज्यांची आपापली लिखित घटना आहे, प्रत्येकीत नागरिकांच्या हक्कांचा स्वतंत्र भाग आहे. भांडणाचं म्हणाल तर असं समजा, देशाच्या घटनेनं सगळ्यांच्या ताटात भाकरी-आमटी वाढलीये. राज्याला वाटलं तर ते वर शेंगदाण्याची चटणी वाढेल, दही वाढेल, सणाला पोळी करेल, पण ताटातली भाकरी उचलायची नाही, उचलली की देशाची घटना आडवी येते.

गंमत अशी की तिथं पंगत आधी राज्यांनीच मांडली. व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा जून १७७६ चा, म्हंजे स्वातंत्र्याच्या घोषणेच्याही आधीचा, आणि देशाच्या घटनेत हक्कांच्या दहा दुरुस्त्या आल्या त्या थेट १७९१ ला. त्यातही १८३३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की या दुरुस्त्या फक्त केंद्र सरकारला बांधतात, राज्य सरकारला नाही. पुढे यादवी युद्धानंतर १८६८ ला चौदावी दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारानं कोर्टांनी हळूहळू, विसाव्या शतकात, हे हक्क राज्यांनाही लागू केले. तोवर गावातल्या साध्या माणसाला आपल्या राज्याविरुद्ध उभं राहायचं तर हातात बहुतेक वेळा राज्याचीच घटना.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० ची, अजून चालू आहे. तिच्या पहिल्याच कलमात होतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे बहुतेक आपल्यासारखेच शिकलेले जमीनवाले असणार. पण त्या राज्यात शेफील्ड गावी एका कर्नलच्या घरात बेट नावाची गुलाम बाई होती, लिहिता-वाचता येत नव्हतं. मालकिणीनं घरातल्या दुसऱ्या एका गुलाम पोरीवर चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं आणि बेटनं मधे हात घालून घाव स्वतःवर घेतला, असं सांगतात. हे कलम तिच्या कानावर पडलं होतं. ती सरळ थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली आणि विचारलं, हे मला लागू नाही का? १७८१ मध्ये ज्युरीनं तिला आणि तिच्याबरोबरच्या ब्रॉम नावाच्या गुलामाला मोकळं केलं, वर तीस शिलिंग भरपाई. तिनं मग एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेतलं. सर, आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव, आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेत गुलामांना सोडवायला झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केली होती, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता चटणी म्हंजे नेमकी काय ते तुमच्या लेकीच्या दारातलंच उदाहरण घ्या. सॅन होजेला लागूनच कॅम्पबेल म्हणून गाव आहे, तिथं प्रूनयार्ड नावाचं शॉपिंग सेंटर. काही शाळकरी पोरांनी तिथं टेबल मांडून एका निवेदनावर सह्या गोळा करायला घेतल्या, वॉचमननं हुसकलं, की ही खासगी जागा आहे. देशाच्या घटनेखाली पोरं हरली असती, कारण ती घटना सरकारला अडवते, मॉलच्या मालकाला नाही. पण कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं १९७९ मध्ये म्हटलं की आमच्या राज्याच्या घटनेतलं बोलण्याचं स्वातंत्र्य जरा रुंद आहे, अशा मोठ्या सेंटरमध्ये शांतपणे सह्या घेता येतील. मालक वर गेला, १९८० ला देशाच्या सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, राज्याला जास्त द्यायचं असेल तर देऊ दे. पुढच्या खेपेला गेलात तर तिथं कॉफी प्या आणि मला फोटो पाठवा. खासगीपणाचंही तसंच. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९७२ ला मतदान करून 'प्रायव्हसी' हा शब्दच आपल्या घटनेत घातला. आपल्याकडे तो शब्द घटनेत आजही नाही, ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की तो हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो.

मोंटाना तर त्याहून पुढे. त्यांच्या १९७२ च्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्याला चांगल्या पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे. १६ पोरापोरींनी राज्यावरच केस टाकली, कारण कोळसा-तेलाच्या परवान्याची पर्यावरण तपासणी करताना हवामानावरचा परिणाम बघायचाच नाही असा कायदा राज्यानं केलेला. २०२३ ला जिंकली, डिसेंबर २०२४ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. कृष्णाकाठी नाकाला रुमाल लावून फिरणाऱ्या सांगलीकरांना हे वाचून काय वाटेल मला माहितीये. आपल्याकडे कलम ४८अ आहे, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलेलं, पण ते सरकारला दिलेलं मार्गदर्शन, त्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही. शुद्ध पाणी-हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग हे सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये कलम २१ खाली म्हटलं, त्याच्या जोरावर जाता येतं.

पण भाळून जाऊ नका, चटणी वाढणारा हात ती काढूनही घेतो. त्याच कॅलिफोर्नियात मे २००८ मध्ये कोर्टानं राज्याच्या घटनेखाली समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला आणि नोव्हेंबरात लोकांनी साध्या बहुमतानं घटनाच बदलून तो काढून घेतला. सहा महिने! ते बंदीचं कलम तिथल्या घटनेतून निघायला २०२४ उजाडलं, मधे देशाच्या कोर्टांनी ती बंदी मोडली म्हणून बरं. म्हणून कुणी म्हटलं महाराष्ट्राला वेगळी घटना हवी तर मी हात वर करणार नाही. ज्या घटनेतला हक्क एका निवडणुकीत जातो ती मला नको.

आपलं उत्तर एका ओळीचं. आपल्या राज्यघटनेतच राज्यांचा कारभार कसा चालवायचा ते लिहिलंय, सहावा भाग काढून बघा, त्यामुळे महाराष्ट्राची वेगळी घटना नाही. अपवाद एकच होता, जम्मू-काश्मीर, २६ जानेवारी १९५७ पासून २०१९ पर्यंत. आणि मूलभूत हक्क राज्य सरकार, झेडपी, ग्रामपंचायत सगळ्यांना बांधतात, कलम १२ मध्ये 'राज्य' या शब्दात हे सगळे येतात.

प्रश्न : ताई, मी आटपाडीची, कॉलेजला आहे. आमच्या पणजोबांच्या वेळी औंध संस्थानाची स्वतःची घटना होती असं घरात सांगतात. मैत्रिणी हसतात, म्हणतात संस्थानात कसली घटना, राजा म्हणेल ते. खरं काय?

उत्तर : पणजोबांचं खरं आहे, मैत्रिणींना हे पान दाखव. वरच्या सरांनी विचारलं महाराष्ट्राला का नाही, आणि इथं आपल्याच मातीत देशाच्या घटनेच्या अकरा वर्षं आधी एक होऊन गेली.

औंध हे ७२ गावांचं संस्थान, एक तुकडा सातारा जिल्ह्यात, दुसरा तुमची आटपाडी, तिसरा कुंडल, चौथा गुणदाळ तो आता कर्नाटकात. नकाशावर बघितलं तर सांडलेल्या डाळीसारखं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले, स्वतः चित्रं काढायचे, यमाईच्या डोंगरावरचं म्युझियम त्यांचंच. १९३८ च्या शेवटाला त्यांनी जाहीर केलं की सत्ता प्रजेला देतो. मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, ज्याला लोक भारतानंद म्हणायचे, हे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधचा घटना कायदा झाला. त्यात बोलण्याचं, सभेचं, पूजा-उपासनेचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. राजा असताना, तो गादीवर बसलेला असताना, आणि वर इंग्रज असताना!

कारभार खालून वर होता. गावानं पंचायत निवडायची, पंचायतीतून तालुका, तालुक्यातून वरची सभा. मताला साक्षरतेची अट, ती गांधीजींच्या सल्ल्यानं. यावर आमच्या चेंबरमध्ये एकदा तासभर वाद झाला, माझे सीनियर म्हणायचे बरोबरच आहे, त्या निमित्तानं लोक शिकतील, आणि मी म्हणायचे की मग १९३९ ला आमच्या आजीला मत नव्हतं, तिची काय चूक. १९५० च्या घटनेनं ती अट ठेवली नाही हे फार बरं केलं. वरच्या उत्तरातली बेट आठव, अक्षर येत नव्हतं पण स्वतःचा हक्क बरोब्बर ओळखला तिनं.

तुला जवळची खूण हवी असेल तर स्वतंत्रपूरला जाऊन ये, तुमच्या आटपाडीपासून लांब नाही. भिंत नसलेला तुरुंग, कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. त्याच १९३९ ला फ्रीडमनच्या कल्पनेतून निघाला, अजून चालू आहे, आणि व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचलेला. कैद्याला पण माणूसपण असतं हे नुसतं कलमात न लिहिता जमिनीवर करून बघितलं.

कुंडलचा भाग वेगळाच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ते ठाणं, आणि संस्थानाच्या हद्दीत इंग्रजी पोलिसांचा हात जरा आखडता असायचा, त्याचा भूमिगतांना फायदा झाला. माझी आजी त्या भागातली, अभिमानानं सांगायची की आमच्यात कुणी बाईवर हात टाकला की तळपायाला पत्र्या बसायच्या. मी वकील झाल्यावर तिला एकदा म्हटलं, आजी, पण त्याची बाजू कोण मांडायचं? ती म्हणाली, तुला काय कळतंय. अजून मला ते नीट सुटलेलं नाही, पोलीस सावकाराच्या खिशात असताना लोकांनी काय करायचं होतं हेही खरंच आहे.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि घटना त्याच्याबरोबर गेली. ती रद्द झाली नाही ग, तिचं राज्यच उरलं नाही. आटपाडी-औंधचा कारभार जेमतेम नऊ वर्षं तिच्यावर चालला.

प्रश्न : मॅडम, तासगाव तालुका, द्राक्षबाग आहे. आमच्या गावात टाकीला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून मी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की पाण्याचे पैसे कुणाच्या बंगल्यात मुरले ते गावाला माहितीये. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन, साहेबांनी बोलावलंय. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत बाकड्यावर बसवलं, मोबाईल काढून घेतला, कागद काहीच नाही. आता व्हॉट्सअॅपवर नोटीस आलीये परत या म्हणून, आणि वडिलांनाही बोलावलंय, ते ६८ वर्षांचे आहेत. फवारणीचे दिवस चाललेत. काय करू ओ?

उत्तर : दादा, आधी फवारणी करून घ्या, मग शांतपणे हे वाचा.

फोनवर बोलावणं याला कायद्यात काही नाव नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी, म्हंजे पोलिसांनी तपास-अटक कशी करायची तो कायदा, जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, बऱ्याच हवालदारांच्या तोंडी अजून जुनेच नंबर आहेत, १४९ ची नोटीस (गुन्हा करू नका अशी ताकीद) म्हणतील तर ती आता १६८, आणि ४१अ (चौकशीला हजर राहा) म्हणतील तर ती ३५ च्या पोटकलम ३ ची. ही ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणून लेखी उत्तर द्या की अमुक तारखेला मोबाईलवर मेसेज मिळाला, रीतसर नोटीस मिळाली की मी हजर राहतो. पळून गेला असं त्यांना म्हणता येऊ नये म्हणून हे उत्तर द्यायचंच, गप्प बसू नका. आणि रीतसर नोटीस आली की मात्र जायचं, न गेलात तर अटकेला कारण मिळतं. वडिलांना साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर साठच्या वरच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं, संहितेचं कलम १७९. बायकांनाही तेच.

आता तुमच्या पोस्टचं. टाकीला पाणी नाही हे बोलायचा हक्क कलम १९ चा, त्यात शंका नाही. पूर्वी आयटी कायद्याचं ६६अ होतं, २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून आणि तिला केलेल्या लाइकवरून पकडलं होतं ते आठवत असेल, ते कलम २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. तरी कुणी त्याचं नाव घेतलं तर हात जोडून तारीख सांगा. पण त्याच कलम १९ मध्ये खाली अटी आहेत आणि बदनामी त्यातली एक. 'कुणाच्या बंगल्यात मुरले' हे वाक्य तुम्ही सिद्ध करू शकता का? नसाल तर ते लिहायला नको होतं, स्पष्टच सांगते. बदनामी अदखलपात्र आहे, त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, ज्याला लागलं त्यानं कोर्टात फिर्याद करायची. म्हणजे तुम्हाला आठ तास बाकड्यावर कशाखाली बसवलं हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रश्न कलम २१ चा आहे. अटक केली असती तर कारण सांगायला लागलं असतं, वकील बोलावू द्यायला लागलं असतं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला लागलं असतं, कलम २२. म्हणून अटकही दाखवायची नाही आणि सोडायचंही नाही, हा बाकड्याचा प्रकार, मी वीस वर्षं बघतीये.

मोबाईल परत मिळाला नसेल तर अर्ज द्या, कुठल्या गुन्ह्यात जप्त केला, पंचनाम्याची प्रत द्या. गुन्हाच नोंद नसेल तर पंचनामा कुठून आणणार, बहुतेक वेळा त्या अर्जानंच मोबाईल घरी येतो. नाही आला तर एसपी ऑफिसला अर्ज, त्याच्या पुढे कलम २२६ खाली हायकोर्ट. आणि आता त्यासाठी मुंबई नको! ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, सांगली-सातारा त्यातच. मी एका पक्षकारासाठी सातारा स्टँडवरून रात्रीची एसटी धरून फोर्टात सकाळी उतरायचे, मांडीवर फाईल, फाईलवर डबा, आणि तिथं कळायचं की तारीख पुढे गेली. तुम्ही सकाळचं दूध घालून निघालात तरी वेळेत पोचाल.

आणि पाण्याचं राहिलंच की. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून टाकी आणि पाइपलाइनची बिलं, मोजमाप वही, पाणीपट्टीची वसुली मागा, तीस दिवसांत द्यायला लागते. बिलं हातात आली की मग ग्रुपवर काय टाकायचं ते टाका, तेव्हा 'बंगला' हा शब्द लिहायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : पाटण तालुक्यातून लिहितेय, गाव छापू नका. दिरानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून भावकीनं आम्हाला वाळीत टाकलंय. देवळात वर्गणी घेत नाहीत, पोरीच्या बारशाला कुणी आलं नाही, दुकानदार उधार सोडा रोखीनं पण देत नाही. घटनेत समानता आहे ना, मग?

उत्तर : वहिनी, घटनेतले बहुतेक हक्क सरकारविरुद्ध चालतात, भावकीविरुद्ध थेट नाही, सांगलीच्या सरांना मॉलचं सांगितलं तसंच. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे, कलम १७ मुळे, तिथं समोर शेजारी असला तरी चालतं, पण तुमचं प्रकरण थोडं वेगळं. म्हणून महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा केला, सामाजिक बहिष्कारविरोधी, २०१६ चा, राष्ट्रपतींची सही होऊन २०१७ ला लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बैठकीत बसून तसा ठराव करणाऱ्यांनाही.

दीर-जाऊ सज्ञान आहेत ना, मग त्यांच्या लग्नात कुणाला काही म्हणायचा अधिकार नाही. तुम्ही आता वही घाला. कुठल्या तारखेला वर्गणी परत केली, कोण बोललं, दुकानात कोण उभं होतं. ग्रुपवर कुणी 'यांच्याकडे जायचं नाही' असं लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. बारशाचं आमंत्रण दिलेल्यांची यादी पण ठेवा, हसू नका, एका केसमध्ये मला तीच कामाला आली. तक्रार ठाण्यात द्या, घेत नसतील तर थेट मॅजिस्ट्रेटकडे देता येते. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.